कडी कुणी लावली नव्हती

प्रिय देलगेर,

तू पाठवलेला चष्मा मिळाला. आता सुईत दोरा ओवता येतो. यंदा धुळीची वादळं फार झाली, पण करडं बरी जगली. माझी धडधड मात्र थांबत नाही. दवाखान्यातली बाई म्हणाली, काळीज ठणठणीत आहे. म्हणून मठात गेले.

दरवर्षी मी आपल्या घराचं अरिष्ट टळावं म्हणून मठात पाठ करवते, हे तुला ठाऊक आहे. गलसानचे पाय गेले, तू नवऱ्याला सोडून उलानबातरला गेलीस, आई झुरत गेली. मी सगळ्यांना सांगत आले की मागच्या जन्मीचं भोवतंय. यंदा म्हाताऱ्या लामांनी पोथी उघडलीच नाही. म्हणाले, "नोरजमा, नऊ वर्षं मागच्या जन्माचं ऐकतोय. या जन्मातलं काही आठवतं का बघ." मी म्हटलं, मी काय केलंय? तर म्हणाले, "ते मला कसं ठाऊक असणार? कर्म म्हणजे आपण केलेलं, बाई. तुझं केलेलं माझ्या वाचण्यानं कसं फिटेल?" मला चहा दिला आणि दुसऱ्यांशी बोलत बसले.

नऊ वर्षांपूर्वी, मार्चमधल्या त्या दुपारी मेंढ्या वाड्यातून निसटल्या. वारा लागला की त्या वाऱ्याकडे पाठ करून चालतच सुटतात. गलसान त्या हिमवादळात त्यांच्यामागे गेला. दुसऱ्या दिवशी सापडला तेव्हा दोन्ही पावलं काळी पडली होती. वाड्याची कडी कुणी लावली नाही, असं तू विचारलंस. मी म्हटलं, गलसाननं, प्यायला असेल. दारू सोडून त्याला तेव्हा वर्ष झालं होतं, पण माझ्या बोलण्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. त्याचाही बसला, असं मी धरून चालले होते.

मठातून निघाले ती तडक त्याच्याकडे गेले. तो आता खोगिरं शिवतो. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताई, तू आजारी कोकरू छातीशी धरून वाड्यातून आलीस, ते मी पाहिलं होतं. तुझे हात मोकळे नव्हते." मग गप्प का राहिलास, असं विचारलं. तो म्हणाला, "मी आधी इतकं प्यायलो होतो, की माझं कोण ऐकणार होतं? तो विश्वास मीच घालवला. आणि तसल्या वाऱ्यात निघालो, तेही मीच. तेवढं माझं. बाकीचं तुझं आहे, ते मी तुझ्यासाठी उचलणार नाही." रागानं नाही बोलला. बोलत बोलत टाके घालत होता.

देलगेर, कोकराला चुलीपाशी ठेवून परत जाऊन कडी लावीन, असं मी ठरवलं होतं. आत ऊब होती. मी बसले आणि विसरले. विसरणं एका घटकेचं, खोटं नऊ वर्षांचं. काल विहिरीवर सगळ्यांसमोर हे सांगून टाकलं. तुला ते शेजाऱ्यांच्या फोनवरून कळू नये, म्हणून हे पत्र. "माफ कर" असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते लिहिलं की पुढचं काम तुझ्यावर पडतं. गलसाननं तुला परत बोलावलेलं नाही, मीही बोलावत नाही. तू नऊ वर्षं ज्याचा राग केलास, त्यानं ते केलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. राग आता माझ्यावर कर.

तू म्हणशील तोवर तुझीच,
नोरजमाताई