आखाजीची कोय

माय, दुपारचे अडीच वाजलेत, कूलर धडधडतोय, आणि मी फरशीवर बसून कुत्रीचा श्वास मोजतेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय व, दुसरा धंदा नही का तुले?" नाही. सध्या दुसरा धंदा नाही. तिच्या पोटावर टाके आहेत, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं आहे, म्हणजे तिने टाके चाटू नयेत. डॉक्टर म्हणाल्या, उद्यापर्यंत आपणहून खाल्लं आणि पोट साफ झालं तर निभावलं, नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल. सकाळी दहीभाताला तिने दोनदा जीभ लावली. दोनदाच. तेव्हापासून वाटी मी तीन वेळा बदलली आणि प्रत्येक वेळी तो भात तसाच राहिला.

तुला ही माहीत नाही. तू गेल्यावर किती तरी वर्षांनी ती या घरात आली. लेक पुण्याला नोकरीला गेली आणि जाताना हे लचांड माझ्या गळ्यात बांधून गेली. मी महिनाभर कुरकुर केली. आता रोज व्हिडिओ कॉल येतो तेव्हा लेक आधी हिला बघते आणि मग मला, आणि मला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगू? लेकीपेक्षा मला हिचीच काळजी जास्त लागते. लेक निदान रस्त्यावरचं उचलून तोंडात घालत नाही.

कारण जळगावात कुत्रं घेऊन फिरणं म्हणजे जीव मुठीत धरून चालणं आहे, माय. सकाळी साखळी हातात घेतली की तिचं नाक जमिनीला आणि माझे डोळे तिच्या नाकाच्या दोन हात पुढे. चायनीजच्या गाडीपाशी कोंबडीची हाडं. मंगल कार्यालयाच्या मागे पत्रावळ्यांचा ढीग, त्यात श्रीखंडाच्या वाट्या, चमचे. आणि गाठ मारून भिरकावलेल्या कॅरीबॅगा, त्यांत रात्रीचं वरण, शेवभाजी, पोळ्या. एकदा समोरच्या बाईला म्हटलं, अहो पिशवी तरी सोडा. तर म्हणते, "मुक्या जनावराच्या पोटात जाईल, पुण्यच आहे." हो, जाईल ना, पिशवीसकट जाईल! त्या दिवसापासून मी गल्लीत बदनाम आहे. मी येताना दिसले की बायका खिडक्या लावून घेतात. आमचे हे म्हणतात, तू फिरायला जातेस की सुरुंग शोधायला? हसू देत. तिच्या जबड्यात बोटं घालून मी आजवर काय काय काढलंय ते यांना माहीत नाही.

जबड्यात बोटं घालायची मी तुझ्याकडूनच शिकले. धुळ्याची आपली खानावळ आठवते. रविवार आहे, कॉलेजची पोरं मटण खाऊन गेली आहेत, मी अकरा वर्षांची, मला खेळायला पळायचं आहे. ताटांतली हाडं मी एकत्र करते आणि मागच्या भिंतीवरून गल्लीत भिरकावते. थोड्या वेळाने खोकल्यासारखा एक घाणेरडा आवाज येतो. तू भाकरी थापत असतेस. तशीच उठतेस, हात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाने भरलेले, आणि मागच्या दाराने धावतेस. ते पिवळं कुत्रं मान ताणून तडफडतंय. तू त्याची मान मांडीखाली दाबतेस, तोंडात हात घालतेस, मनगटापर्यंत. हाड निघतं, पण तुझ्या अंगठ्यात दात घुसतो. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. तू ती घेतलीस, रोज चालत सरकारी दवाखान्यात जाऊन, आणि एकाही दिवशी खानावळ बंद ठेवली नाहीस. मला मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू फक्त विचारलंस, "टाकनं आनि देनं एक शे का?"  मग तू नियम सांगितलास, "देशील तं उभी ऱ्हाय. खाई लेऊ दे. मंग पान उचल." त्यानंतर वर्षानुवर्षं संध्याकाळी पाच वाजता मी मागच्या दाराशी उभी राहायचे, कुत्र्यांचं खाऊन होईपर्यंत, आणि पान उचलून आत यायचे. मैत्रिणी हसायच्या.

आणखी एक गोष्ट तू सारखी बोलायचीस. आखाजी आली की बोलायचीस. बाकी जगाची अक्षय तृतीया असेल, आपली आखाजी. आजूबाजूच्या घरांत मुलगे पितरांची घागर भरायचे, वर खरबूज, सांजोरी, आंबा ठेवायचे, आणि तू चुलीपाशी बसून म्हणायचीस, "माले पोऱ्या नही. मना घास कोन टाकी व?" एकदा मी चिडून म्हटलं, "मी टाकसू!" तू हसलीस, पण नंतर पदराने डोळे पुसलेस, ते मी पाहिलं. सासरचे काय म्हणतील याची पर्वा न करता मी दर वर्षी घास टाकला, माय. एकही आखाजी चुकवली नाही.

या वर्षीही चुकवली नाही. नशिराबादची एक बाई पाटी घेऊन दारावर येते, तिच्याकडून गावठी आंबे घेतले. ते चोखून खायचे, लहान, रेषाळ, तुला आवडायचे तसले. केळीच्या पानावर पुरणपोळी, भजी, कुरडई, आणि तुझ्यासाठी एक अख्खा आंबा. कंपाउंडच्या बाहेर कडुनिंबाखाली पान मांडलं, हात जोडले आणि आत आले. कावळ्यासाठी मागे सरावंच लागतं ना, माणूस उभं राहिलं तर तो शिवत नाही. नंतर नणंद आली, तिची मुलं आली, आमरस, पंगत, भांडी. पान बाहेर आहे हे मी साफ विसरले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर हिला बाहेर काढलं. फाटकाला कुलूप लावायला मी वळले, तेवढ्यात साखळीला हिसका बसला. मी "ए, चल" म्हणून ओढलं आणि निघाले. पुढे कॉलनीच्या तोंडाशी एक म्हातारबा आंब्याच्या रसाची गाडी लावतो. गाडीखाली कोयी आणि सालं पडलेली. तिथेही हिने नाक घातलं, आणि मी ओरडले, त्याला चार शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. पाणीही पोटात राहीना. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, आतड्यात काहीतरी अडकलंय, काय खाल्लं? मी एका क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "कोय. रसाच्या गाडीवरची."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. यांनी जाऊन त्या म्हाताऱ्याला गिऱ्हाइकांसमोर नको नको ते ऐकवलं. मी शाळेतल्यासारख्या सुवाच्य अक्षरात पालिकेला अर्ज लिहिला, की ही गाडी इथून हटवावी. त्याच संध्याकाळी दारोदार फिरून सह्या घेतल्या. गंमत बघ, कॅरीबॅगा फेकणाऱ्या बाईनेही लगेच सही दिली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आल्या, त्यांच्या हातात एक छोटी डबी. म्हणाल्या, बघा, हीच ती. मी डबी हातात घेतली. रसवाला बदाम आंब्याचा रस काढतो. त्याची कोय तळहाताएवढी, चपटी. ही लिंबाएवढी होती, रेषा निघालेल्या. अख्ख्या कॉलनीत तसला आंबा फक्त एका पानावर होता. हे शेजारीच उभे होते, म्हणाले, "बघितलंस? त्या हरामखोराच्या गाडीचीच." आणि मी, माय, मी "हं" म्हटलं.

घरी येऊन कडुनिंबाखाली पाहिलं. पान वाळून चुरगळलेलं, पोळीला मुंग्या, आंबा गायब. कावळा आला होता की नाही, देव जाणे. तुझा घास तुझ्यापर्यंत पोचला की नाही हेही मला माहीत नाही. मी पुण्य टाकून आत गेले होते. ती समोरची बाई आणि मी, दोघींत फरक एवढाच, की तिची पिशवी होती आणि माझं केळीचं पान.

तो म्हातारबा रोज सकाळी फाटकाशी येतो. मूळचा पिंपळनेरचा आहे, बोली अगदी तुझी. पहिल्या दिवशी हात जोडून म्हणाला, "अक्का, मनी चूक व्हयनी. आते मी बठ्ठ्या कोया गोनीमा भरस." आणि खरंच भरतो. गुडघे धरत खाली वाकून एकेक कोय उचलतो, मी गच्चीवरून पाहते. आज आला तेव्हा विचारलं, "जनावर कसं शे?" तुझ्या आवाजात विचारल्यासारखं वाटलं मला. म्हणणार होते, भाऊ, ती कोय तुमची नव्हती. तोंड उघडलं, आणि म्हटलं, "बरी आहे. उद्या रस पाठवा, दोन ग्लास." तो केवढा खूश झाला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोकांसमोर मी खरी ठरले आहे, हीच भीती वाटते. ही वाचली तर सगळे म्हणतील, बघा, बाई बरोबर बोलत होती. आणि नाही वाचली तर... ते मला लिहवत नाही. डबी कपाटात आहे. ती कोय फेकायची म्हटलं तर फेकायची कुठे, तेच कळत नाही.

आता चार वाजले. ती उठली आहे. नरसाळं वाटीला आपटतंय, ठक ठक. मी जागची हलत नाही, उभी राहिले आहे, तू सांगितलंस तशी. खातेय, माय. हळूहळू, पण खातेय. वाटी रिकामी होईपर्यंत मी इथून जाणार नाही, आणि मग उचलेन.

एक सांगायचं राहिलं. सोमवारी पालिकेत द्यायचा तो अर्ज माझ्याकडेच होता. सह्यांचे कागद धरून चांगली चार पानं. हे पत्र मी त्याच कागदांच्या मागे लिहिलंय, बारीक अक्षरात, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. म्हणजे आता तो देता येणार नाही. कोणी विचारलंच तर उत्तर ठरवून ठेवलंय, कुत्रीने फाडला. खरं बोलायचं धैर्य अजून गोळा होत नाहीये, म्हणून तिच्यावर हा आणखी एक आळ.