भाकर देतानाची दोन वाक्यं

प्रिय जॅस्पर,

ईस्टरनंतर आपण बोललो नाही. मी रागावले होते, अजूनही आहे. पण बाबा गेल्यावर हक्काने भांडायला मला तुझ्याशिवाय उरलंय कोण? इथे समुद्रावरून सारखा वारा येतोय, चर्चची दोन कौलं खाली आली. शेजारची मिसेस नॅन्कॅरो रोज केशराचा बनपाव आणते आणि तो माझ्या पोटात जाईपर्यंत हलत नाही.

ती ईस्टरची सकाळ काही डोळ्यांपुढून जात नाही. बाबांच्या जुन्या चर्चमध्ये पाहुणा पाळक म्हणून तू प्रभुभोजन देत होतास. आई माझ्याशेजारी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून, डाव्या तळहातावर उजवा ठेवून थांबली होती. तू माझ्या हातावर भाकर ठेवलीस आणि तिला ओलांडून पुढे गेलास. ती बराच वेळ हात तसेच धरून होती रे. मग घरी येऊन तू मला आपल्या पंथाचं कलम ऐकवलंस: ही भाकर विश्वासाने खायची, आपण काय खातोय हेच ज्याला उमगत नाही, त्याने नुसती चावून काय उपयोग? म्हणालास, ताई, तिला काही आठवत नाही, तुझं नाव नाही की माझं नाही. मी म्हटलं, मेल्या, आई आहे ती तुझी. तू म्हणालास, म्हणूनच तिच्याशी खोटं वागत नाही.

कलमं बाबांनाही पाठ होती. पाळक होताना त्यांनीही त्यांना होकार दिला होता. पण ते म्हणायचे, कलमं लिहिली भांडणं मिटवायला, आणि लिहिणारेही रविवारी याच कठड्याशी गुडघे टेकायचे. तेव्हा कलम अडलं की प्रार्थनेला विचारावं. भाकर देताना तुम्ही पाळक दोन वाक्यं म्हणता. पहिल्यात ख्रिस्ताचं हे शरीर तुला राखो, एवढंच मागणं. दुसऱ्यात त्याची आठवण धरून खा, असं सांगणं. एका पक्षाला पहिलं हवं होतं, दुसऱ्याला दुसरं. शेवटी दोन्ही ठेवली आणि चारशे वर्षं एका दमात म्हणतोय. तू दुसऱ्यालाच धरून बसलास. पहिलं वाक्य घेणाऱ्याला काहीच विचारत नाही, जॅस्पर. जिला आठवत नाही, तिला राखायचं कोणी?

मंगळवारी शेजारच्या गावचे पाळक ट्रेगिअर आईला प्रभुभोजन द्यायला घरी आले. आई कितीतरी दिवस बोलली नव्हती, पण त्यांनी प्रार्थना सुरू केली तशी तीही ओठातल्या ओठात म्हणू लागली. तिने भाकर मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी मुठीत धरली. ट्रेगिअर म्हणाले, आजी, संपवा बरं. तिने मान हलवली. म्हणाली, ही जॅस्परची, तो यायचाय अजून. उरलेली भाकर ठेवायची नाही, तिथेच खायची, हे तुला मी काय सांगू? पण ती मूठ उघडायचा धीर ना त्यांना झाला ना मला. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. शुक्रवारी तिला बाबांच्या शेजारी ठेवायचं आहे. दफनाची प्रार्थना तूच म्हण. तीही गेलेल्याला काही विचारत नाही. आई गेल्यावर मूठ मी उघडली, आणि नियमाप्रमाणे तुझ्या वाटणीचा तुकडा मी खाल्ला.

तुझीच,
मॉर्वेना