झेबुलन थॅचर, ज्युनियर

१२ ऑक्टोबर
सात महिने इथे एक ओळही लिहिली नाही, याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. (दुरुस्ती: सात महिने चार दिवस.) आळस नव्हता, संशोधन होतं. १८३१ च्या गावच्या करयादीत, चर्चला जमीन देणाऱ्या कॅप्टन झेबुलन थॅचरच्या खालीच नाव सापडलं: 'झेबुलन थॅचर, ज्युनियर'. हा ज्युनियर आईचा खापरपणजोबा, हे तीन कागदांनी सिद्ध आहे. तो कॅप्टनचा मुलगा, हे नावच सांगतं.

जुन्या दफनभूमीत कॅप्टनच्या लोखंडी कठड्याआड फक्त वंशजांना पुरतात. दोन जागा उरल्या आहेत. आईसाठी अर्ज केला. ती त्र्याऐंशीची, हिवाळा काढेल असं डॉक्टरांना वाटत नाही.

२० ऑक्टोबर
मर्लकाका गेले. त्यांच्या मुलीने विचारलं, माझ्या बाबांच्या कबरीशेजारची, आईसाठी राखलेली जागा मोकळी होणार असेल तर मर्लकाकांना मिळेल का? दिली. आईच्या सह्या मीच करतो.

कोरिन फोनवर किंचाळली, "अरे, अर्ज मंजूर तरी होऊ दे! बहिणीला विचारावंसं वाटलं नाही?" धाकटी आहे, तिला कागदपत्रांतलं कळत नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा आणि मर्ल तीस वर्षं बोलले नाहीत. आता एका दगडाखाली कोंबलंस दोघांना. गप्पा रंगतील." मग म्हणाली, "तुला बरं वाटतंय ना? मग टाक मला कुठेही."
नोंद: आईची संमती मिळाली.

५ नोव्हेंबर
बाबांच्या दगडावर आईचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेलं होतं, फक्त मृत्यूचं साल रिकामं. आपल्याकडे तसंच करतात. पाथरवटाने ते घासून मर्लकाकांचं नाव घातलं. काम सुबक. उन्हाची तिरीप आली की 'व्हर्ना' अजून दिसतं. आपण घाई केली का, यावर वीस मिनिटं प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

१९ नोव्हेंबर
दफनभूमी मंडळाच्या सचिव डनिंगबाईंकडे गेलो. त्यांनी ज्युनियरच्या बाप्तिस्म्याची नोंद मागितली. मी करयादी पुढे केली. बाईंना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो लायमन, त्या काळी गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणायचे! नातं असो नसो. थोरला मेला की याचं ज्युनियर गळून पडायचं. कॉलेजात शिकवलं नाही का हे?"
माझी पदवी इतिहासातली आहे, हे मी सांगितलं नाही.

पण हुकमाचं पान माझ्या हातात आहे. शिरगणतीत ज्युनियर बायकोमुलांसकट कॅप्टनच्याच घरात राहतो. परका माणूस राहील? बाई म्हणाल्या, "थांबा, ग्रामसभेची वही काढते."

३ डिसेंबर
वही निघाली. गावातल्या कंगालांचा दर मार्चमध्ये लिलाव व्हायचा. जो सर्वांत कमी पैशांत पोसायला तयार, त्याच्या घरी ते कुटुंब वर्षभर जायचं. ज्युनियर, बायको आणि चार मुलं पाच वर्षं सलग कॅप्टनने घेतली. "खायला गावाच्या पैशाने, राबायला याच्या शेतावर," बाई म्हणाल्या. ज्युनियरला पुरलं कठड्याबाहेर, दगडाशिवाय. नेमकं कुठे, नोंद नाही.

म्हणजे एक घर, एक छप्पर हे तर सिद्ध झालं! 'वंशज' शब्दाचा व्यापक अर्थ लावावा असा नवा अर्ज जागेवरच लिहून दिला. बाईंनी तो वाचला. "गोठ्यातली गायही त्याच घरची होती. तिच्या वासरांचेही अर्ज घेऊ का?"
विनोद मार्मिक, पण मुद्द्याला धरून नाही.

१४ डिसेंबर
आईने विचारलं, "मग माझं काय ठरलं?" मी तिला ज्युनियर शब्दाचा जुना अर्थ, लिलाव, शिरगणती, सगळं नीट समजावून सांगितलं. चाळीस मिनिटं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं खरं रे बाळा. पण मी कुठे?"
म्हटलं, उत्तर यायचं आहे. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. (दुरुस्ती: खिडकीकडे.)

२१ जानेवारी
आई रविवारी गेली. मंडळाचं नकाराचं पत्र शनिवारीच आलं होतं, एका ओळीचं. तिला दाखवलं नाही. तिने विचारलंही नाही.

मर्लकाकांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "पुरलेला बाप उकरू का आता? लाज वाटत नाही?"

जमीन चार फूट गोठली आहे. मेच्या मध्यापर्यंत कुदळ चालणार नाही. हिवाळ्यात गेलेल्यांना ठेवतात त्या टेकडीतल्या दगडी कोठडीत आईला ठेवलं. दार लावताना कोरिन म्हणाली, "तुझं नशीब थोर, लायमन. थंडीने वाचवलं तुला. आज माती मऊ असती, तर काय केलं असतंस?" मग ती गाडीत बसून निघून गेली. मला घरी सोडायचं तिचं ठरलं होतं.

चालत आलो. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: अजून जवळजवळ चार महिने हाताशी आहेत.

उद्या: रखवालदाराला विचारणे, कोठडी नेमकी कोणत्या तारखेला रिकामी करतात.