आतल्या कंसापासून

आर्णी तालुका
गुरुवार, २ नोव्हेंबर २०१७

प्रिय मैत्रेयी,

हे पत्र तुझा बाप संघदीप शनिवारी तुझ्या हातात देईल. फवारणीच्या नियमाची ओळ तुझ्याच हातून चुकीची लिहिली गेली, असं सोमवारी तू कॉलेजात लिहून देणार आहेस आणि त्यानंतर शिकणं सोडून घरी येणार आहेस, हे त्यानंच मला परवा सांगितलं. पोरी, सही करण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवून देऊ नकोस. तुझ्या आबाजीला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि आजचा मुद्दा असा आहे की त्याच्याभोवती मी दोन दिवस नुसता फिरून राह्यलो. फोन करणार होतो, दोनदा उचललाही. पण फोनवर माझी जीभ सरळ चालत नाही. हातात पेन असलं की ती थोडी तरी लाज धरते.

आधी तांड्यावरच्या, फवारताना पडलेल्या लखनची खबर. मागच्या शुक्रवारी यवतमाळच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं. अकरा दिवस होता. जेवतो, काठी न घेता तांड्यातून चक्कर मारतो. डाव्या डोळ्याला मात्र अजून धूसर दिसतं. डॉक्टर म्हणतात संक्रांतीपर्यंत सुधारेल, बहुतेक. मी भेटायला गेलो तर मला म्हणाला, "गुरुजी, तुमी मले दोन दोन दिसून राह्यले. आमाले तं एकच लय होता." सगळे हसले. त्याची माय हंसाबाई तेवढी हसली नाही. मी पण हसलो, आणि घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच वाळून गेलं.

तुला आठवतं का, दिवाळीच्या सुमारास आपल्या घरात वेचणीचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला असायचा. तू त्या ढिगावर उताणी पडायचीस आणि मी चौथीच्या पुस्तकातल्या कविता वाचून दाखवायचो. एकदा तू म्हणालीस, "आबाजी, पुस्तक उलटं धरलं तुम्ही." खरंच उलटं होतं. मला सगळ्या पाठ, बघायचं कशाला? तुझी आजी नलू चुलीपासून म्हणाली, "थो मानूस वाचत नाई माय, म्हनते. वाचाले डोये लागते." त्या दिवशी मी तिच्यावर रुसलो होतो. माणसाला रुसायला कारण तरी किती छोटं लागतं! पण ते माझं दुखरं ठिकाण होतं. आपल्या लोकांनी धम्म घेतला त्या वर्षी मी अकरा वर्षांचा होतो आणि वस्तीत छापील अक्षर येणारा पहिला. मोठी मोठी माणसं कागद घेऊन यायची, मला खाटेवर बसवायची, आपण खाली मातीत बसायची. "वाच उकंडा." मी वाचलं की ते खरं. साठ वर्षं झाली, अजून तसंच आहे. औषधाची चिठ्ठी, तलाठ्याचा कागद, लग्नाची पत्रिका, आधी गुरुजीकडे. मी आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही.

मग यंदाचा पोळा. तू आणि तुझी मैत्रीण उर्वशी कॉलेजच्या कामासाठी आलात. पाच गावांत फवारणीवाल्यांना रोज किती पंप मारायचे ते सांगायचं, तुमच्या सरांनी बसवलेल्या नियमानं. ओसरीवर बसून तू मला समजावलंस की फंक्शन म्हणजे पिठाची चक्की समजा. एका तोंडानं ज्वारी टाकली की दुसऱ्या तोंडानं पीठ, दर वेळी तेच. चक्कीला काल काय दळलं ते आठवत नाही आणि बाहेर काय चाललं आहे त्याच्याशी देणंघेणं नाही. अशा चक्क्या एकीच्या तोंडाला दुसरी जोडत गेलं की झाला प्रोग्राम. मी म्हटलं, ज्याला कालचं काही आठवत नाही अशी वस्तू माझ्या काय कामाची? तुम्ही दोघी हसलात.

उर्वशीनं चित्र काढलं होतं. तीन डबे, मध्ये बाण. पहिल्या डब्यात आजचा आकडा, म्हणजे सर रोज कळवणार तितके मूळ पंप, तिथून बाण 'निम्मे'कडे, तिथून 'चार कमी'कडे, शेवटच्या बाणापुढे छोटासा पंप. तुझी एकच ओळ होती, आणि मला हस्ताक्षर आवडतं म्हणून तू ती खास माझ्यासाठी शाईनं लिहिली होतीस:

चार-कमी (निम्मे (आजचा-आकडा))

काय भांडलात दोघी! तुझं म्हणणं, डबे तीन आहेत तोवर चित्र गोड दिसतं, तीनशे झाले की रेषांचा गुंता होतो, भिंत पुरत नाही. ओळ असली की शोधता येते, दुरुस्त करता येते, पत्रात घालून पाठवता येते. उर्वशी म्हणाली, "पण इथं तीनच आहेत ना! अन् तुझी ओळ वाचायला आधी मैत्रेयी व्हावं लागते." लखन तिथेच पायरीवर बसला होता. चित्राकडे बघून म्हणाला, "मले तं हे बरं वाटते गुरुजी. नाल्यावानी हाय. वरतून पानी येते, अर्धं बंधाऱ्यात अडते, उरलं थे खाली जाते." मी म्हटलं, "तुले चित्रच समजन लखन. कविता तुले कायले समजते!" तोही हसला. आता आठवतं की तो जरा उशिरा हसला.

तू मला नीट सांगितलंस. उन्हात घामावाटे औषध कातडीत शिरतं म्हणून आधी निम्मे, आणि कापसाची पऱ्हाटी डोक्यावर गेली की फवारा तोंडावर येतो म्हणून राहिलेल्यातून चार कमी. "आबाजी, ही ओळ आतून वाचायची. सगळ्यात आतला कंस आधी." मी मान हलवली. खरं सांगतो मैत्रेयी, मी त्या वेळी तुझ्या ओळीच्या मात्रा मोजत होतो. मनातल्या मनात चालीवर म्हणून बघत होतो. निघताना तू बजावलंस की दोन्ही कागद भिंतीवर लावा. बाकीच्या चार गावांत दोन्ही छापील कागद लागले. आपल्या विहाराच्या भिंतीवर मी फक्त तुझी ओळ लावली. चित्र मला पहिलीच्या पाटीवरचं वाटलं.

दसऱ्यानंतर बोंडअळीनं गावाची झोप उडवली. ऊन असं की वैशाख बरा. रोज सकाळी सरांचा फोन यायचा, आजचा आकडा सांगायचे, मी ओळ वाचून हिशेब करायचो आणि फळ्यावर पंप लिहायचो. लोक त्याप्रमाणे जायचे. कोणाला मळमळायचं, कोणाचं डोकं दुखायचं, पण औषधाच्या दिवसांत ते असतंच असं सगळेच म्हणत. लखन पडला त्या दिवशी आकडा वीस होता आणि फळ्यावर मी आठ लिहिले होते. उत्तमसिंगच्या वावरात, तोंडाला दुपट्टा बांधलेला, सात पंप झाले, आठवा पाठीवर घेतला आणि तो पऱ्हाटीत खाली बसला. आधी कोणाला दिसलाच नाही, एवढं उंच पीक. तोंडाला फेस आला होता. ऑटोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तो सारखा म्हणत होता, "सांज झाली का गुरुजी?" दुपारचे तीन वाजले होते.

मग कॉलेजातून चौकशीला तीन माणसं आली. बाकीच्या चार गावांत काही झालं नाही, म्हणजे याच गावच्या कागदावर ओळ उलटी लिहिली गेली असणार, असं त्यांचं मत. कागद हातानं लिहिलेला, त्याची नक्कल कुठे नाही. त्यांनी विचारलं, कागदावर काय होतं? मी म्हणालो, जे होतं तेच वाचलं. कागद कुठे आहे? म्हणालो, पावसात गेला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तुझा आवाज ओळखू येत नव्हता. तू म्हणालीस, "आबाजी, मी काय लिहिलं होतं ते मलाच आता नक्की आठवत नाही. कागद आहे का हो?" मी सांगितलं, उधईनं खाल्ला. तर तू मलाच म्हणालीस, "जाऊ द्या आबाजी, तुम्ही जेवून घ्या."

त्यांना पाऊस सांगितला, तुला उधई. तुझ्यासारख्या पोरीच्या ते लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण माझ्यावर संशय घ्यायचं तुला कधी कोणी शिकवलंच नाही.

आता मागं जातो. लखनला नेताना, डॉक्टरला दाखवायला म्हणून, मी तो कागद भिंतीवरून उतरवून खिशात घातला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नळासमोर बाकावर बसलो होतो. लखनच्या डोळ्यांत थेंब टाकण्याआधी हात कसे धुवायचे त्याची सहा चित्रं नळावर लावलेली होती, बाणांनी जोडलेली. शेजारी तेच मराठीत लिहिलेलं. हंसाबाईला अक्षर येत नाही. ती मान वर करून एक चित्र बघायची, तसं करायची, बाणावरून पुढच्या चित्राकडे जायची. तळवे, बोटांच्या फटी, अंगठे, नखं, एकही पायरी चुकली नाही. मी शेजारचा मजकूर वाचलाच नव्हता. उगाच चाळा म्हणून खिशातला कागद काढला. आणि मला कंस दिसले. अडतीस वर्षं मी पोरांकडून कंचेभागुबेव घोकून घेतलं. कंस आधी, मग बाकीचं. आकड्यांत असते तर झोपेतही ओळखले असते. शब्दांत होते म्हणून मी त्यांना ओळीची वेलबुट्टी समजलो आणि कविता वाचावी तसं डावीकडून वाचत गेलो. आधी चार कमी, मग निम्मे. विसातून चार गेले सोळा, सोळाचे निम्मे आठ. तुझ्या नियमानं विसाचे निम्मे दहा, त्यातून चार गेले, सहा. त्या बाकावर बसून मी सगळ्या दिवसांचे आकडे पुन्हा करून पाहिले. सोळा घे, अठरा घे, कुठलाही घे. माझ्या वाचनात रोज दोन पंप जास्त निघतात, ना कमी ना अधिक. चौकशीची माणसं त्यानंतर आली, बाई. तुझा फोनही त्यानंतरच आला.

आज सकाळी तांड्यावर गेलो आणि लखनचा बाप रूपसिंग, हंसाबाई, लखन, तिघांसमोर हे सगळं बोललो. हंसाबाईनं चहा विचारला नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. रूपसिंग उठून बैलांकडे गेला. लखन म्हणाला, "थे चित्र हाय का गुरुजी?" होतं, कवितांच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं, ते मी बरोबर नेलं होतं. त्यानं उजव्या डोळ्याजवळ धरलं, पहिल्या डब्यावर बोट ठेवलं आणि बाणावरून सरकवत नेलं. "वीस. धा. सा." मग माझ्याकडे पाहिलं. "साच हाय न? मंग तुमी आठ काहून म्हनले?" मी सांगितलं, उलटं वाचलं. तो म्हणाला, "मंग हे ताईले सांगा न. मले काय सांगता." म्हणून हे पत्र. तुझा कागद सोबत आहे. त्यावरची घडी खिशातली आहे, डाग लखनच्या तोंडच्या फेसाचा आहे, अक्षर तुझं आहे आणि दोन्ही कंस जागच्या जागी आहेत. दुसऱ्या कागदावर मी झालं ते लिहून सही केली आहे. सोमवारी तोच दे, आणि दोघांपैकी एकाला बोलावणार असतील तर मला बोलावू देत, मी एस.टी.नं येईन. चित्र पाठवत नाही, ते लखननं ठेवून घेतलं. पऱ्हाटी अजून उभी आहे, उद्या सरांचा फोन येईल. पंप लखन सांगणार आहे, फळ्यावर मी लिहिणार आहे.

तुझाच,
आता कुठे वाचायला बसलेला,
आबाजी