‘बसवलं’ म्हणजे काय

उधना, मंगळवार संध्याकाळ

बाबांना उगाच सांगायला गेले. म्हटलं, आज लॅबमध्ये शेवाळाच्या जिवंत पेशी जेलच्या मण्यांत बसवल्या. बाबा दचकले. "बसाडी दिध्यात?" त्यांच्या कापडाच्या लूमवर ‘बसवलं’ म्हणजे कामावरून घरी पाठवलं. दिवाळीपासून त्यांनाच बसवलंय, हे मी कशी विसरले? घाईघाईने फोनमधले हिरवे मणी दाखवले. तसं नाही बाबा, पेशी फक्त जागच्या हलत नाहीत. उजेड मिळाला की त्यांचं काम चालूच असतं. मग ‘बसवल्या’ चुकलं का? दुसरा शब्द तरी कुठाय माझ्याकडे?

"बसीसन बी काम शे?" बाबा म्हणाले. "मंग माले बी तठेच बसाड."

मलाही तिथेच बसव, हे हसत म्हणाले का? कळलं नाही. मी मणीच बघत होते.