जरा म्हणता म्हणता

प्रिय भिंगरी,

आधी बढाई मारून घेते, ख्यालीखुशाली मागून. काल एका सुताराला मी केलेला नकली डोळा बसवला. त्याला खिडकीशी उभं करून समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, हसायला लावून पाहिलं, आणि खरा कुठला नि मी रंगवलेला कुठला, हे क्षणभर माझं मलाच कळेना. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं आणि माझा हात हातात घेतला. तुझी आई सध्या जमिनीपासून वीतभर वर चालते आहे, तेव्हा या पत्रात थोडा फुगीरपणा आढळला तर चालवून घे.

तुला बोलले नव्हते, पण हे वर्ष वाईट गेलं. डॉक्टर माझे डोळे परत पाठवू लागले होते, म्हणजे मी केलेले. एकाचं बुबुळ शाडूच्या मातीसारखं निर्जीव आलं, दुसरा डोळा शेजारच्या खऱ्यापेक्षा झोपाळू दिसत होता. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, इतकी वर्षं केलंत, आता विश्रांती घ्या. मी हसून मान डोलावली आणि घरी येऊन न्हाणीघरात रडले. कारण मलाही तेच वाटत होतं गं. सकाळी उत्साहाने बसावं आणि जेवायच्या वेळेपर्यंत अंगातलं त्राण जावं. नजर शाबूत, हात स्थिर, पण कुंचला उचलायचीच इच्छा होईना. म्हटलं, झालं, आलं म्हातारपण.

त्यात हा सुतार आला. लाकडाची ढलपी उडून एक डोळा गेलेला, तरी माणूस मोठा गमत्या. दुसऱ्या डोळ्याशी रंग जुळवायचा, म्हणून त्याला उजेडात समोर बसवून घ्यायचे. रंग तरी कसला, मधाचा, आणि कडेला हिरवट झाक. मी रंग कालवायला घेतला की बाहेरून हाक. अगं, जरा माझा चष्मा बघतेस का? चष्मा तुझ्या बाबांच्याच कपाळावर. येऊन बसते तोच फोन टुणटुणला. तुझ्या मावशीने अख्ख्या खानदानाला विचारलेलं, जरा सांगा, हा पडदा बरा की तो. मग दारात पार्सलवाला, जरा सही करा. मग पुन्हा बाबा, जरा दुधाकडे बघ. दर वेळी परत आले की मला त्या डोळ्यात नव्याने शिरावं लागायचं. हिरवा किती घेतला होता, पिवळा कुठे थांबवला होता, आणि तोवर वाटीतला रंग सुकलेला. पायाला भिंगरी मला लागलेली आणि नाव मात्र तुला ठेवलेलं.

दुपारी सुतार जायला उठला तेव्हा बुबुळ होतं तिथेच होतं आणि मी पिळून निघाले होते. दारात थांबून तो म्हणाला, “बाई, रंगवलंत तर काहीच नाही. मग दमलात कशाने?”

तो चेष्टेत बोलला, पण मी तशीच बसून राहिले. खरंच, दमले कशाने? एकेक काम चिमूटभर होतं. दमवलं होतं ते त्या जाण्यायेण्याने. आणि मग मला एकटीलाच हसू फुटलं. शाळेत पाठ केलेलं आठवलं, संस्कृतात जरा म्हणजे म्हातारपण. सकाळपासून घरातलं प्रत्येक माणूस मला तेच तर चमच्या-चमच्याने भरवत होतं. जरा म्हणता म्हणता जरा आणली होती माझ्यावर!

दुसऱ्या दिवशी सुताराला म्हटलं, डोळा नंतर, आधी या खोलीच्या दाराला आतून खिटी बसवून द्या. त्याने लाकडाच्या तुकड्यातून बोटभर लांबीची छान गुळगुळीत खिटी केली, मधोमध स्क्रू, फिरवली की दार बंद. डोळ्यावर पट्टी असून जागा अचूक धरली. नेम धरताना तसाही एक डोळा मिटावाच लागतो, म्हणाला.

फोन पिठाच्या डब्यात गेला. बाबा रुसले, दाराबाहेर दोनदा खोकून गेले. खरं सांगू, पहिल्या दिवशी कोणी हाक मारत नव्हतं तरी मीच उठून दारापर्यंत जायचे. सवय गं. मग हळूहळू बसले. रंगाचा एक थर, तो वाळेपर्यंत नुसतं समोर बसलेल्या सुताराच्या खऱ्या डोळ्याकडे बघणं, मग दुसरा थर. पांढऱ्यावर शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू मांडले आणि एकही सरकला नाही. खिटी फिरवून बाहेर आले तेव्हा दमले नव्हते, नुसती सडकून भूक लागली होती, लहानपणी खेळून आल्यावर लागायची तशी. बाहेर दूध उतू गेलं होतं. बाबांनी ते स्वतः पुसलं होतं, चष्मा लावून. वर मलाच चहा करून दिला, आणि बरा केला होता.

आता हे सगळं तुला का लिहिते ते सांगते. परवा फोनवर तू म्हणालीस, “आई, माझ्यात काही उरलं नाही गं. इमारतींचे नकाशे काढणं सोडून देते.” तेवढ्या एका बोलण्यात तू मला किती वेळा ‘जरा थांब हं’ म्हणालीस, ते तुझ्या लक्षातही आलं नसेल. कधी ऑफिससाठी, कधी बाळासाठी, कधी दारावरच्या घंटीसाठी. पोरी, तू संपलेली नाहीस. तुझ्या हातची रेघ मी तू पाटीवर ओढायचीस तेव्हापासून ओळखते. तिचा मला माझ्या डोळ्यांइतकाच अभिमान आहे, आणि हो, मी केलेल्या डोळ्यांइतकाच. सोबतच्या पुडीत दुसरी खिटी आहे. नवा डोळा बसल्यावर सुताराने केलेली ही पहिली वस्तू, मी मुद्दाम मागून घेतली. स्क्रू त्यातच आहे. तुझ्या खोलीच्या दाराला आतून लाव. मिळाल्याचा फोन करू नकोस. नकाशा पुरा करून दार उघडशील, तेव्हा कर.

तुझीच,
एवढ्यात म्हातारी न होणारी
आई