कणीक भरलेली जोडशिट्टी

आई, नरसीपूरच्या जात्रेतून तू आणलेली मातीची जोडशिट्टी अजून माझ्याकडेच आहे. बाकीचा सगळा संग्रह गेल्या महिन्यात कॉलेजच्या संग्रहालयात गेला, ती गेली नाही. का गेली नाही ते इथे कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

संग्रह कसला ते तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी मेटगळ्ळीच्या कारखान्यात तपासणी खात्यात नुकताच लागलो होतो आणि घरात शिट्टी ती एवढीच. पुढे नाद लागला. फक्त जोडीचीच वाद्यं घ्यायची असं मी ठरवून घेतलं: शेजारी शेजारी बांधलेल्या दोन नळ्यांचे पावे, एका लाकडात दोन पोकळ्या कोरलेल्या शिट्ट्या, पाठीला पाठ लावलेले मातीचे पक्षी. दिसायला दोन असलं की विकणारा त्याला जोडी म्हणतो. मी म्हणत नाही. पावा असेल तर आधी बांबूची पेरं बघतो, दोन्ही नळ्यांची जाडी कॅलिपरने मोजतो, मग दोरा. एकदा एकाने शंभर वर्षांचा जोडपावा म्हणून दाखवला. नळ्या दोन निरनिराळ्या बांबूंच्या आणि बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने. मी त्याला एवढंच विचारलं, "लग्न कधी लावलंत यांचं?" मातीच्या शिट्टीचं काम याहून अवघड, कारण आतलं दिसत नाही. एका पोटात मोहरीचे दाणे टाकून हलवायचं. ते दुसऱ्यातून बाहेर आले तर पोट एकच, नुसती डोकी दोन. एका पक्ष्याचा छेद, म्हणजे वारा कापला जाऊन आवाज होतो ती फट, बोटाने दाबायचा. दुसऱ्याचा सूर उतरला तरीही पोट एकच. आणि पुष्कळदा दुसऱ्या पक्ष्याला छेदच नसतो, कुंभाराने काडीने नुसती रेघ ओढलेली असते, शोभेची. दोन पोटं, दोन छेद, दोन सूर, तर जोडी. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि म्हणूनच मला सहसा कुणी फसवूही शकत नाही.

कुणी शिकवलं नाही हे मी सगळीकडे सांगतो. तुझ्यापुढे ते तेवढं खरं नाही. त्या जात्रेत संगमावर अंघोळी झाल्यात, तुझा पदर ओला आहे, बाबा पुढे निघालेत. शिट्टीवाला कानडीत ओरडतोय, "नोडी अम्मा, एरडू हक्की, एरडू दनी." बघा अम्मा, दोन पक्षी, दोन आवाज. तू टोपलीतली एक शिट्टी उचलतेस, पदराने पुसतेस आणि भर गर्दीत फुंकतेस. ठेवून देतेस. दुसरी घेतेस, तीही ठेवतेस. बाबा मागे वळून म्हणतात, "अगं, बायकांनी शिट्ट्या वाजवायच्या का? लोक बघतायत." तू म्हणतेस, "बघू देत. मडकं वाजवून घेतो की नाही आपण? ह्यात एकच ओरडतंय, दुसरं नुसतं बसलंय." शिट्टीवाला हसतो आणि टोपलीच्या तळातून एक काढून देतो. ती वाजली. दोन सूर अगदी जवळचे, पण एक नव्हेत, त्यामुळे आवाज थरथरायचा. आज मी त्याचं कारण सांगू शकतो. तेव्हा नुसते दात शिवशिवले होते.

घरी ती फार दिवस वाजली नाही. बाबांची रात्रपाळी चालू होती, दिवसा झोपायचे. तू पोळ्या लाटत होतीस, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून फुंकत होतो. तू पिठाच्या हातानेच ती हिसकावून घेतलीस. मला वाटलं, गेली चुलीत. पण तू कणकेची बारीक गोळी करून डाव्या पक्ष्याच्या छेदात दाबलीस आणि अंगठ्याने सारखी केलीस. "साकु. पुरे झालं. हा झोपला, बाबांसारखा. तो दुसरा वाजव, तोही हळू." मी रडायला लागलो तर म्हणालीस, "रविवारी काढते. सुम्ने, गप बस आता." रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी मीच विसरलो. कणीक वाळून दगड झाली. पुढे कधीतरी तिला मुंग्या लागायला लागल्या, तेव्हा मी वरून लाखेचा पातळ हात दिला, आणि मग ती काढायची गोष्टच राहिली नाही. म्हणजे बघ, माझ्या संग्रहातली पहिली जोडशिट्टी, आणि मी न तपासलेली अशी ती एकटीच. लोकांना दाखवताना मात्र मी तिच्यापासूनच सुरुवात करायचो.

संग्रह द्यायचं मीच ठरवलं. मुलगा परदेशात, त्याला यात रस नाही, आणि कुवेंपुनगरच्या या घरात भांडी ठेवायला जागा उरली नाही असं तुझी सून म्हणते. कॉलेजातर्फे पुण्याची एक तरुण मुलगी आली, वाद्यांवरच तिचा अभ्यास चाललाय. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जोडीचं म्हणून जे जे आहे ते सगळं जाईल. एकही मागे ठेवणार नाही. भोक पडलेला संग्रह म्हणजे संग्रह नव्हे." तुझी सून चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "लिहून घे गं, उद्या बदलतील." मी म्हटलं, "मी बदलतो का कधी?" तिने माझ्यापुढे बशी ठेवली.

मुलगी हुशार आहे. एकेक वस्तू हातात घेऊन स्वतः तपासायची, मग माझ्याकडे बघून मान हलवायची. माझी ओळख एकदाही चुकली नाही. तुझ्या शिट्टीपाशी ती थांबली. फुंकून म्हणाली, "काका, ही एकच बोलते." मी कणकेची हकिगत सांगितली. "पण कणकेखाली छेद आहे कशावरून? रेघ असेल. तुम्हीच मघाशी म्हणालात, पुष्कळदा रेघच असते." बरोबर होतं. दुसऱ्या कुणाची शिट्टी असती तर मीही हेच विचारलं असतं. "मला आठवतंय," मी म्हणालो. "आठवण म्हणजे पुरावा नाही ना, काका," ती म्हणाली, अगदी अदबीने. "कणीक काढून बघूया का?"

"मी काढतो," म्हटलं. आणि ती गेल्यावर लक्षात आलं की माझी पंचाईत झालीय. खाली छेद निघाला तर माझं म्हणणं खरं, आणि माझ्याच शब्दाने शिट्टी जाणार. रेघ निघाली तर इतकी वर्षं मी लोकांना खोटं सांगत आलो, पण शिट्टी घरात राहणार. वस्तू खोटी निघावी असं मनात धरून सुई हातात घेतल्याची माझी ही पहिलीच वेळ.

वर्तमानपत्र पसरून बसलो. लाख खरवडली, पाण्याचा थेंब सोडला, थोडं थांबून सुईच्या टोकाने कणीक उकरली. तुझ्या अंगठ्याचा ठसा होता असं लिहावंसं वाटतं, पण नव्हता. लाखेखाली काहीच राहिलं नव्हतं. करडा चुरा निघाला. खाली छेद. उजव्या पक्ष्याला जसा, तसाच, धारदार, कुंभाराने एकाच हाताने मारलेला. मोहरी टाकून हलवली, पलीकडून आली नाही. बोटाने दाबून पाहिलं, दुसऱ्याचा सूर उतरला नाही. मग बोट काढून जोरात फुंकली. आतून तुझी सून म्हणाली, "कुकर तर लावलेला नाही मी. हे काय ओरडलं?"

ती बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. "दोन आहेत?"

"दोन आहेत."

"मग द्यावी लागणार."

मी शिट्टी वर्तमानपत्रावर ठेवली. ती आत गेली आणि परत येऊन तिने वर्तमानपत्राच्या कडेला कणकेची छोटी गोळी ठेवली. "रात्रीच्या पोळ्यांची आहे. पुरेल का?" म्हणाली, आणि कामाला लागली. पुरली. मी ती छेदात दाबली, उन्हात वाळवली आणि वरून लाखेचे दोन हात दिले. सफाईदार झालं काम.

मुलगी आली तेव्हा मी सरळ सांगितलं, "काढून पाहिलं. खाली रेघच आहे. पुन्हा बुजवली, आईची खूण म्हणून." तिने फुंकलीसुद्धा नाही. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार," असं म्हणून शिट्टी माझ्या हातात दिली. माझ्या शब्दाला एवढी किंमत आहे, ती अशी कामाला आली. जाताना दारात म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, काका. लहानपणीच्या आठवणीत एकाचे दोन होतात." मी म्हटलं, "होतं असं."

आई, एकाचे दोन झाले नव्हते. दोनच होते, तू वाजवून घेतलेले. तुझ्या कणकेचा चुरा वर्तमानपत्रासकट कचऱ्यात गेला, आता आत आहे ती हिची आहे, आणि त्याचंही मला फारसं काही वाटत नाही. शिट्टी मागे ठेवल्याचं तर नाहीच. पण हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. परवा ती मुलगी बसस्टॉपवर भेटली. शिट्टी द्यावी लागेल हे पक्कं ठाऊक असूनही, माझं चुकलं नव्हतं हे तिला सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिची बस आली.